आउग्सबुर्गचं राटहाउस आणि त्यातलं सोनेरी दालन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युनिकला आमच्याकडे पाहुणे आले की एक दिवस मी त्यांना हक्काने आउग्सबुर्गला नेते. आई-बाबा, मावशी, कॉलेजातल्या मैत्रिणी, नवऱ्याचे ऑफिसातले सहकारी, सगळ्यांना घेऊन जाऊन झालं. प्रश्न साधारण तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. तिकिटाचे दर आणि वेळा बदलत असतात, त्या निघण्याआधी पाहून घ्या. बाकीचं चारशे वर्षं जुनं आहे.

राटहाउस म्हणजे काय? उंदराशी काही संबंध?

नाही. जर्मनमध्ये 'राट' म्हणजे सल्ला किंवा सल्लागार मंडळ, आणि 'हाउस' म्हणजे घर. नगरमंडळाचं घर ते राटहाउस. आपल्याकडच्या महापालिका भवनासारखंच, फक्त जुन्या जर्मन शहरांत ते नुसतं कचेरीपुरतं नसे. आउग्सबुर्ग हे मुक्त साम्राज्य-नगर होतं, म्हणजे त्याच्यावर कुठल्या सरदाराची किंवा राजाची सत्ता नव्हती. ते थेट पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाला बांधील होतं आणि आपला कारभार आपणच पाहत होतं. अशा शहराला राजवाडा नसतो, राटहाउस असतं. राजवाड्याला शोभेल असा थाट एका महापालिकेच्या इमारतीत का आला, याचं उत्तर यात आहे.

ही आजही कचेरी आहे की संग्रहालय?

दोन्ही थोडं थोडं. शहराचा कारभार इथून चालतो, समारंभ होतात. सोनेरी दालन लोकांना पाहायला खुलं असतं आणि तळमजल्यावरच्या कमानदार दालनात, ज्याला तिथे 'उंटरर फ्लेत्स' म्हणतात, प्रदर्शनं भरतात.

म्युनिकहून कसं जायचं?

वेगवान गाडीने अर्धा तास, प्रादेशिक गाडीने पाऊण तासाच्या आसपास. चार-पाच जण एकत्र असाल तर बायर्न-टिकीट काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर प्रादेशिक गाड्यांनी फिरता येतं. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं आणि वेगवान गाड्यांना चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. स्टेशनपासून राटहाउस पायी पंधरा मिनिटांवर आहे. चालायचं नसेल तर १ आणि २ नंबरच्या ट्राम चौकातच थांबतात, थांब्याचं नाव 'राटहाउसप्लात्स'.

जमलं तर चालतच जा. अरुंद गल्लीतून बाहेर पडता आणि एकदम ती इमारत पुढ्यात उभी राहते. ट्राममधून उतरल्यावर ते होत नाही.

जर्मनीत गावोगावी सुंदर टाउन हॉल आहेत. मग मुद्दाम हाच का?

रोथेनबुर्गचा आहे, ब्रेमेनचा आहे, लाइपत्सिगचा आहे. तेही जरूर पाहा. पण त्यातल्या बऱ्याच इमारतींत जुन्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन शैलीच्या, अंगावर नंतर रेनेसाँसचा, म्हणजे प्रबोधनकाळातल्या शैलीचा, साज चढवलेला दिसतो. ब्रेमेनचा दर्शनी भाग तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. आउग्सबुर्गमध्ये तसं नाही. इथे १३८५ सालचं जुनं राटहाउस पाडून टाकलं आणि पायापासून नवी इमारत उभी केली. तीही एकाच माणसाच्या डोक्यातून उतरलेली. आल्प्सच्या उत्तरेला रेनेसाँस काळातल्या धर्मनिरपेक्ष, म्हणजे चर्च नसलेल्या, इमारतींत हिचं नाव नेहमी अगदी वर घेतलं जातं. माझ्या मते ते रास्तच आहे.

ती कोणी बांधली?

एलियास होल यांनी. जन्म १५७३, आउग्सबुर्गमधलाच. घराणं गवंड्यांचं. आजच्या अर्थाने आर्किटेक्टची पदवी वगैरे नव्हती, बापाच्या हाताखाली काम शिकलेला माणूस. १६००च्या हिवाळ्यात ते व्हेनिसला जाऊन आले आणि तिथे पाहिलेलं डोक्यात घेऊन परतले. १६०२ मध्ये शहराचे मुख्य बांधकाम-प्रमुख झाले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी शहराचा चेहराच बदलला. शस्त्रागार, खाटिकांचं सभागृह, वेशीचे बुरूज, इस्पितळ असं एकामागून एक.

राटहाउसचा पहिला दगड २५ ऑगस्ट १६१५ रोजी बसला. १६२० मध्ये बाहेरून इमारत पूर्ण झाली आणि आतली सजावट १६२४ पर्यंत चालली. गंमत अशी की नगरमंडळाला सुरुवातीला जुन्या इमारतीचीच डागडुजी हवी होती. होल यांनी वेगवेगळे आराखडे केले, त्यांच्या लाकडी प्रतिकृती बनवल्या आणि मंडळाला नव्या बांधकामासाठी राजी केलं. त्या प्रतिकृती आजही आहेत. जवळच्याच माक्सिमिलियान संग्रहालयात ठेवल्या आहेत. एकात कमानींचा, अगदी इटालियन वळणाचा दर्शनी भाग आहे. ती पाहिली की कळतं, होल यांनी इटलीची नक्कल करायचं ठरवून टाळलं.

बाहेरून पाहताना नेमकं काय पाहू? मला तर नुसती मोठी इमारत दिसते.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं होतं. कोरीवकाम नाही, पुतळ्यांची गर्दी नाही, कुठे वेलबुट्टी नाही. वेरूळ किंवा हळेबीड पाहिलेल्या डोळ्यांना ही भिंत कोरी वाटते.

चौकाच्या पलीकडच्या टोकाला जा आणि शांतपणे फक्त खिडक्या पाहा. मजल्यागणिक त्यांची उंची बदलते. मधला भाग थोडा पुढे येतो आणि दोन्ही बाजूंपेक्षा वर चढत जाऊन त्रिकोणी शिखरात संपतो. दोन्ही बाजूंना एकेक बुरूज, त्यावर कांद्याच्या आकाराचे घुमट. सगळा परिणाम केवळ प्रमाणातून साधलेला आहे. मधल्या भागात जिथे मोठ्या खिडक्यांच्या रांगा एकावर एक येतात, तिथेच आत सोनेरी दालन आहे. आत काय आहे ते बाहेरची भिंत आधीच सांगून ठेवते. त्या काळातल्या बांधकामात हे फार कमी ठिकाणी इतकं स्वच्छ दिसतं.

मग इमारतीला वळसा घालून मागे, पूर्वेकडे उतरा. तिथल्या छोट्या चौकाला होल यांचंच नाव दिलेलं आहे. जमीन तिथे उताराची आहे, त्यामुळे मागून इमारत समोरच्यापेक्षा कितीतरी उंच भासते. शिखरापर्यंत ती सुमारे ५७ मीटर आहे आणि मागून तो प्रत्येक मीटर अंगावर येतो. बहुतेक पर्यटक इकडे फिरकतच नाहीत. तुम्ही मात्र या.

शिखरावर ते अननसासारखं काय आहे?

अननस नाही, पाइनच्या झाडाचं फळ. त्याला तिथे 'त्सिर्बेलनुस' म्हणतात आणि ते आउग्सबुर्गचं मानचिन्ह आहे. शहर रोमन लोकांनी वसवलेलं, इसवी सनापूर्वी १५ मध्ये, सम्राट ऑगस्टसच्या काळात. शहराच्या नावातला 'आउग्स' तो हाच ऑगस्टस. पाइनचं फळ हे रोमन चिन्ह, शहराने ते अजून जपलं आहे. एकदा ओळख पटली की ते शहरभर दिसायला लागतं. मुलांना ते शोधायचा खेळ द्या, दिवस छान जातो.

त्याच्या खाली त्रिकोणी शिखरात दोन डोक्यांचा काळा गरुड रंगवलेला आहे, तो साम्राज्याचा. म्हणजे सम्राटाचा गरुड आणि त्याच्याही वर शहराचं स्वतःचं फळ. ही मांडणी मुद्दाम केली होती का, हे ज्याने त्याने ठरवावं. मला ती दर वेळी बोलकी वाटते.

सोनेरी दालनात काय आहे?

वरच्या मजल्यावर आहे ते. साधारण साडेपाचशे चौरस मीटरचं, चौदा मीटर उंच, आणि मध्ये एकही खांब नाही. आत पाऊल टाकलं की लोक आपोआप बोलायचे थांबतात, हे मी बरेचदा पाहिलं आहे.

छत लाकडी कोरीव चौकटींचं आहे आणि त्या चौकटींत चित्रं बसवली आहेत. एवढ्या रुंदीचं छत खांबांशिवाय कसं राहिलं, तर ते खालून पेललेलंच नाही. वरच्या छपराच्या सांगाड्याला ते टांगलेलं आहे. मान वर करून पाहताना हे आठवलं की अंगावर काटा येतो.

मधल्या मोठ्या चित्रात सापिएन्शिया, म्हणजे साक्षात प्रज्ञा, विजयरथात बसली आहे. सोबतचं लॅटिन वचन बायबलमधलं आहे, 'माझ्यामुळे राजे राज्य करतात.' हे वाक्य प्रज्ञेच्या तोंडी आहे. आता कल्पना करा, या दालनात सम्राटाला बसवायचं होतं आणि त्याच्या डोक्यावर व्यापाऱ्यांच्या नगरमंडळाने हे वाक्य लिहून ठेवलं. चित्रांची सगळी कल्पना माटेउस राडर या जेझुइट विद्वानाने रचली, आराखडे पीटर कँडिड यांनी काढले आणि रंगवण्याचं मुख्य काम योहान माटियास कागर यांनी केलं. शहराचे बांधकाम-प्रमुख होल मात्र प्रोटेस्टंट होते. कॅथलिक पाद्री आणि प्रोटेस्टंट गवंडी मिळून एक दालन उभं करतात, आणि तेही तीस वर्षांच्या धर्मयुद्धाला तोंड लागलेलं असताना. १६१८ मध्ये ते युद्ध पेटलं तेव्हा इथे भिंती चढत होत्या.

भिंतींवर सम्राट आहेत. आठ ख्रिस्ती आणि आठ बिगरख्रिस्ती परंपरेतले, समोरासमोर. दारांच्या भव्य चौकटी पाहायला विसरू नका. दालनाच्या चारही कोपऱ्यांना एकेक खोली आहे, 'फ्युर्स्टेनत्सिमर', म्हणजे राजेरजवाड्यांच्या खोल्या. मोठ्या सभेतून बाहेर पडून खाजगीत बोलायला.

दालन इमारतीच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत आरपार आहे. त्यामुळे पूर्व-पश्चिम दोन्हीकडून उजेड येतो. सकाळी मागच्या बाजूने, दुपारी चौकाच्या बाजूने. मला दुपारी तीन-चारचा, त्यातही शरद ऋतूतला उजेड सगळ्यांत आवडतो. सोनं तेव्हा पिवळं न दिसता मधासारखं दिसतं.

ते खरं सोनं आहे का?

हो, पण भरीव नाही. कोरलेल्या लाकडावर सोन्याचा वर्ख दिलेला आहे. आपल्याकडे देव्हाऱ्याला किंवा मूर्तीला वर्ख चढवतात तसंच तंत्र.

हे सगळं मूळ आहे का, की नंतर बनवलेलं?

नंतर बनवलेलं. कोणी विचारलं नाही तरी मी हे पाहुण्यांना आत जाण्याआधीच सांगते, कारण आत जाऊन आल्यावर कळलं तर काहींना फसवल्यासारखं वाटतं.

२५ आणि २६ फेब्रुवारी १९४४च्या रात्री आउग्सबुर्गवर मोठा हवाई हल्ला झाला. शहरात मेसरश्मिट विमानांचा कारखाना होता. दिवसा अमेरिकन विमानांनी कारखान्यांवर बाँब टाकले आणि रात्री ब्रिटिश विमानांनी शहरावर. थंडी इतकी कडाक्याची होती की आग विझवायचं पाणी नळ्यांतच गोठलं. ७३० माणसं मेली, हजारो बेघर झाली. राटहाउस आतून पूर्ण जळालं. छत, चित्रं, दारं, कोरीवकाम, सगळं. उभ्या राहिल्या त्या होल यांच्या भिंती.

युद्धानंतर इमारत पुन्हा छताखाली आली, कचेऱ्या सुरू झाल्या. पण सोनेरी दालन कितीतरी वर्षं उघड्या-बोडक्या भिंतींचं मोठं खोकं होऊन पडलं होतं. ते पुन्हा करावं की नाही हा प्रश्न साधा नव्हता. घरं नसलेल्या शहरात आधी घरंच बांधायची असतात. शेवटी ऐंशीच्या दशकात जुने फोटो आणि रेखाटनं समोर ठेवून दालन नव्याने उभं करायचं काम हाती घेतलं गेलं. १९८५ मध्ये शहराला दोन हजार वर्षं झाली, तेव्हा ते लोकांसाठी खुलं झालं. बारीकसारीक कामं १९९६ पर्यंत चालली. मूळ दालन सजवायला चार-पाच वर्षं लागली होती, दुसऱ्यांदा त्याहून खूप जास्त.

मग ते 'खोटं' आहे का? माझ्या मावशीने हा प्रश्न अगदी सरळ विचारला होता. मी तिला विचारलं, दरवर्षी गणपतीची मूर्ती नवी असते, म्हणून गणपती नवा असतो का? ती हसली, पण मला ते मनापासून वाटतं. सुतारांनी, वर्ख देणाऱ्यांनी, चित्रकारांनी ती कला पुन्हा हातात घेतली, नाहीतर ती हातातून गेलीच होती. वस्तू १६२४ची नाही, हे खरं. पण ती कशी करायची याचं ज्ञान जिवंत ठेवलं गेलं, आणि बाहेरच्या भिंती तर मूळच्याच आहेत. एवढं माहीत करून घेऊन आत जा. मला तरी ते दालन त्यामुळे कमी नाही, जास्त मोलाचं वाटतं.

साम्राज्याच्या प्रसिद्ध सभा इथेच भरायच्या ना? १५३० आणि १५५५च्या?

शहर हेच, इमारत ही नाही. १५३० मध्ये प्रोटेस्टंटांनी आपला धर्मजाहीरनामा सम्राटासमोर आउग्सबुर्गमध्ये मांडला आणि १५५५ मध्ये धार्मिक तह इथेच झाला. पण तेव्हा होल यांचा जन्मही झालेला नव्हता.

नवं दालन मात्र अशाच सभांच्या आशेने बांधलं होतं. आणि एकही साम्राज्यसभा इथे भरली नाही. इमारत पूर्ण होता होता युद्ध सगळीकडे पसरलं. पुढे १६६३ पासून सभा कायमची रेगेन्सबुर्गमध्येच स्थिरावली. सम्राटाच्या घराण्याचे मोठे सोहळे आउग्सबुर्गच्या वाट्याला दोनदा आले. १६५३ मध्ये फर्डिनांड चौथ्याची राजा म्हणून निवड आणि १६९० मध्ये जोसेफ पहिल्याचा राज्याभिषेक. त्या वेळी दालनात मेजवानीची ताटं मांडली गेली.

होल यांचं पुढे काय झालं?

वाईट झालं. १६२९ मध्ये सम्राटाने प्रोटेस्टंटांविरुद्ध फर्मान काढलं. त्यानंतर लवकरच होल यांची नोकरी गेली. कारण एकच, त्यांनी धर्म बदलायला नकार दिला. ज्याने शहराला राटहाउस दिलं त्याला त्या राटहाउसमधल्या मंडळाने काढून टाकलं. १६३२ मध्ये स्वीडनचा प्रोटेस्टंट राजा गुस्ताव आडोल्फ शहरात आला, तेव्हा होल यांना पद परत मिळालं. १६३५ मध्ये शहर पुन्हा सम्राटाच्या हाती गेलं आणि पदही पुन्हा गेलं. १६४६ मध्ये ते वारले. त्यांनी घराण्याची एक बखर लिहून ठेवली आहे, आपल्या कामांविषयी आपल्याला जे कळतं त्यातलं बरंच तिच्यातून कळतं.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १६४८ मध्ये, युद्ध संपलं. शहराची वस्ती सुमारे ४५ हजारांवरून १६ हजारांपर्यंत खाली आली होती. तेव्हा ठरलं की आउग्सबुर्गमध्ये यापुढे प्रत्येक पद कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात समसमान वाटायचं. होल यांना हे पाहायला मिळायला हवं होतं.

८ ऑगस्टला गेलो तर चालेल?

त्या दिवशी खरेदी ठरवू नका. तो आउग्सबुर्गचा शांतता-सण आहे, १६५० पासून चालत आलेला. सार्वजनिक सुट्टी, पण फक्त या एका शहरापुरती. शेजारच्या गावात दुकानं उघडी आणि इथे बंद. वर सांगितलेल्या इतिहासाचाच तो धागा आहे, म्हणून सणाचा मेळ पाहायचा असेल तर मुद्दाम त्याच दिवशी जा. दालन खुलं आहे का, ते मात्र आधी विचारा.

तिकीट किती आणि वेळ काय?

दर अगदी कमी, काही युरोच. साधारणपणे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असं दालन उघडं असतं. पण इथे शहराचे अधिकृत समारंभ होतात आणि त्या दिवशी पाहुण्यांना आत सोडत नाहीत. आम्ही एकदा बाबांना घेऊन गेलो आणि नेमका समारंभ निघाला. चौकातच पर्यटन माहिती केंद्र आहे. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा किंवा फोन करा.

आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे. जमेल का?

जमेल. लिफ्ट आहे. आत बसायलाही जागा मिळते. चौकातली फरशी दगडी आहे, तिथे जपून चाला.

फोटो काढता येतात का?

स्वतःसाठी, फ्लॅश न वापरता, आजवर मला कोणी अडवलं नाही. तरी दारावर विचारा. छताचा फोटो काढताना लोक मागे मागे सरकत दुसऱ्यावर आदळतात, तेवढं सांभाळा.

किती वेळ लागेल?

दालनात अर्धा तास काढणारे लोक मी पाहिले आहेत, पाच मिनिटांत परतणारेही. माझा आग्रह आहे की इमारतीच्या बाहेरच्या फेरीसकट दीड तास ठेवा.

शेजारचा उंच टॉवर कोणता? त्यावर चढता येतं का?

तो पेरलाख टॉवर, सत्तर मीटर उंच. मूळचा जुना, पण राटहाउसच्या वेळीच होल यांनी त्याची उंची वाढवली. जुन्या राटहाउसची घंटा नव्या इमारतीत बसणार नव्हती, तिच्यासाठी जागा हवी होती. चढायला २५८ पायऱ्या आहेत, पण २०१७ मध्ये टॉवर दुरुस्तीसाठी बंद झाला. आता उघडला का, ते जाण्याआधी विचारा.

२९ सप्टेंबरच्या, म्हणजे संत मायकेलच्या सणाच्या सुमारास गेलात तर 'टुरामिशेले' विचारा. देवदूत मायकेलची यांत्रिक बाहुली घंटेच्या प्रत्येक ठोक्याला पायाखालच्या सैतानाला भाला मारते आणि खाली जमलेली मुलं मोठ्याने ठोके मोजतात. शेकडो वर्षांची प्रथा आहे. पाच वर्षांच्या आमच्या भाचीने जर्मन आकडे तिथेच शिकले.

चौकातलं कारंजं जागतिक वारशात आहे म्हणतात, ते खरं का?

खरं. २०१९ मध्ये युनेस्कोने आउग्सबुर्गची जुनी पाणीपुरवठा व्यवस्था जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यात कालवे, पाण्याचे बुरूज आणि तीन भव्य कारंजी येतात. ऑगस्टसचं कारंजं त्यातलंच. ते ह्युबर्ट गेरहार्ड यांचं, १५९४ मध्ये पूर्ण झालेलं, म्हणजे राटहाउसपेक्षा जुनं. कठड्यावरच्या चार आकृती चार जलप्रवाहांच्या आहेत, लेख आणि वेर्टाख या नद्या, शिवाय सिंगोल्ड आणि ब्रुनेनबाख. मधला ऑगस्टस प्रतिकृती आहे. मूळ पुतळा माक्सिमिलियान संग्रहालयाच्या काचेचं छत असलेल्या अंगणात ठेवला आहे. राटहाउस स्वतः त्या वारसा यादीत नाही, यात अनेकांची गल्लत होते.

या शहराचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. या शहराचे फुगर आणि वेल्झर हे सोळाव्या शतकातले युरोपातले अतिश्रीमंत सावकार. पोर्तुगीजांचा समुद्रमार्ग उघडल्याबरोबर त्यांना मिरीचा वास लागला. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेडा हा पोर्तुगालचा पहिला व्हाइसरॉय भारताकडे निघाला, तेव्हा त्याच्या आरमारातल्या तीन जहाजांत जर्मन व्यापाऱ्यांचा पैसा होता. सर्वांत मोठा वाटा वेल्झरांचा. त्या आरमाराने आधी अंजदीव बेटावर किल्ला बांधायला घेतला. कारवारसमोरचं हे बेट आज गोवा राज्यात येतं. मग ते कण्णूर आणि कोचीनकडे गेलं. वेल्झरांचा प्रतिनिधी बाल्थाझार श्प्रिंगर त्या प्रवासात होता. त्याच्या वृत्तांतावरून आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर यांनी १५०८ मध्ये आफ्रिका आणि भारतातल्या लोकांची काष्ठचित्रं कोरली. युरोपीय छापील चित्रांतलं भारतीय माणसांचं हे फार सुरुवातीचं दर्शन.

पुढची गोष्ट मला जास्त जवळची. फर्डिनांड क्रोन नावाचा आउग्सबुर्गचा माणूस १५८७ मध्ये फुगर-वेल्झरांचा मिरी-प्रतिनिधी म्हणून भारतात आला. आधी कोचीन, मग गोवा. गोव्यात त्याने दशकानुदशकं काढली आणि १६२४ मध्ये त्याला लिस्बनला परत पाठवलं गेलं. राटहाउसचा पाया खोदला जात होता, छत टांगलं जात होतं, वर्ख चढत होता, तेव्हा या शहराचा एक मुलगा मांडवीकाठी बसून व्यापार करत होता. दालन पूर्ण झालं तेच त्याचं गोवा सोडण्याचं वर्ष. आमच्या घरी सगळे पणजीचे, त्यामुळे हे मी कधीच सांगायचं सोडत नाही.

आणि वेल्झर? त्यांची पेढी १६१४ मध्ये बुडाली, राटहाउसचा पहिला दगड बसायच्या आदल्याच वर्षी. शहराचा सुवर्णकाळ ओसरायला लागल्यावर त्याने आपलं सोनेरी दालन बांधलं.

शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळेल, फक्त दोन गोष्टी विचारा. इमारतीच्या तळघरात राट्सकेलर आहे, तिथे किंवा आसपास 'केसश्पात्सेन' मागवा. पिठाचे छोटे मऊ तुकडे, त्यावर वितळलेलं चीज आणि कुरकुरीत तळलेला कांदा. पोटभरीचं होतं, पण पिठात अंडं असतं, अंडं न खाणाऱ्यांना चालणार नाही. सूप घेताना ते मांसाच्या पाण्याचं नाही ना, विचारून घ्या. 'ओने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय, 'ओने आयर' म्हणजे अंड्याशिवाय.

सोमवार ते शनिवार असाल तर श्टाट्टमार्क्टला, म्हणजे शहराच्या मंडईत, जा. फळं, ब्रेड, चीज, गरम पदार्थ सगळं मिळतं. उन्हाळ्याच्या शेवटी 'डाची' सोडू नका. पातळ पोळीसारख्या आंबवलेल्या पिठावर आंबट जांभळे प्लम ओळीने लावून भाजतात. त्यावरून या शहराला लोक लाडाने 'डाचीबुर्ग' म्हणतात.

उरलेल्या दिवसात आणखी काय पाहू?

फुगराय. पायी दहा मिनिटांवर. १५२१ मध्ये याकोब फुगर यांनी गरजू लोकांसाठी बांधलेली वसाहत, आजही राहती. वर्षाचं भाडं ८८ सेंट आणि दिवसातून तीन प्रार्थना. मोत्सार्टचे पणजोबा, गवंडी होते, ते इथे राहायचे. नंतर संत आना चर्च, जिथल्या मठात १५१८ मध्ये मार्टिन लुथर उतरले होते. शक्ती उरली असेल तर होल यांचं शस्त्रागार.

डिसेंबरमध्ये जावं का?

चौकात नाताळचा बाजार भरतो. ठरावीक संध्याकाळी राटहाउसच्या खिडक्यांत देवदूतांच्या वेशातली चोवीस माणसं वाद्यांसह उभी राहतात. त्या वेळी सगळी इमारतच नाताळच्या खिडक्यांच्या कॅलेंडरसारखी होते. गर्दी प्रचंड, थंडी बोचरी. मुलांना खांद्यावर घेता येत असेल तर जा. दालन निवांत पाहायचं असेल तर मात्र फेब्रुवारी-मार्चमधला एखादा साधा मंगळवार बघा. एकदा अशा दिवशी वीस मिनिटं आत मी आणि आई, दोघीच होतो.

आणि दालन बंदच मिळालं तर?

परत फिरू नका. त्या दिवशी बाबांना घेऊन आम्ही मागच्या चौकात उतरलो, पायरीवर बसून घरून आणलेल्या पोळ्या खाल्ल्या आणि वर पाहत राहिलो. मग माक्सिमिलियान संग्रहालयात जाऊन होल यांच्या लाकडी प्रतिकृती पाहिल्या. बाबा निवृत्त सिव्हिल इंजिनियर. नाकारलेल्या आराखड्यांसमोर ते तासभर उभे होते, मध्येच माझ्या हातातली पेन्सिल घेऊन तिकिटाच्या मागे खिडक्यांची मापं मांडत होते. ते तिकीट अजून त्यांच्या पाकिटात आहे.